गाळलेली पायरी

त्र्याऐंशी साली, मुलगी जाऊन वर्ष व्हायच्या आत, तात्यांच्या बायकोने त्यांच्या लिहिण्याच्या खोलीतलं टेबल भिंतीला सारलं आणि मोकळ्या फरशीवर खडूने वर्तुळ काढलं. मृतांना बोलावण्याचं, तात्यांच्याच पुस्तकातलं.

तात्यांची गूढविद्येची पुस्तकं तडाखेबंद खपत. प्रत्येक विधीतली एक पायरी आपण गाळली आहे, असं ते प्रस्तावनेतच सांगत. विद्या अपात्र हाती पडू नये म्हणून. खरं तर विधी फसला की वाचकाने त्या पायरीला बोल लावावा, लेखकाला नव्हे, एवढीच त्यामागची सोय. बायको मुद्रितं तपासायची, पण सोय तिला ठाऊक नव्हती.

"पुस्तकात आहे तसं सगळं केलं," ती म्हणाली. "येत नाही ती. राहिलेलं सांगा आता."

"राहिलेलं काही नाही गं."

"माझ्याशी तरी प्रस्तावनेतलं बोलू नका."

"अगं, जेवण झाल्यावर आरामखुर्चीत पडून रचतो मी हे. तूच चहा आणून देतेस ना?"

"चहा देते म्हणून काय पोटात शिरते तुमच्या?"

तिच्या गालांची हाडं वर आली होती. आधी पोटभर जेवायचं, शांत झोपायचं, मग हाक मारायची, असं काहीतरी राहिलेली पायरी म्हणून तात्यांच्या अगदी ओठांवर आलं. असं रचणं त्यांच्या हातचा मळ होता. पण वर्तुळात मुलीच्या चपला जोडीने ठेवलेल्या दिसल्या आणि त्यांनी ते गिळलं.

"पोर गेली आपली. मला काही येत नाही. कधीच येत नव्हतं."

तिने चपला उचलल्या.

"गाळलेलं परक्यांना देऊ नका, कळतं मला. पण पोर तुमचीही होती ना?"

पुढे तात्यांनी, आपण लिहिलं ते सगळं खोटं, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. तेच सर्वांत जास्त खपलं. वाचक घरी येऊन डोळे मिचकावत, 'ओळखली बरं का पात्रतेची परीक्षा!' म्हणत. प्रकाशकाने त्याच्या कमाईवर घराला माडी चढवली. तात्या एकटेच राहिले, एकटेच गेले.

बायको बहिणीकडे निघून गेली, तिथेच म्हातारी झाली. त्यांच्याबद्दल वाईट बोलायची नाही कधी. फक्त भाजी निवडता निवडता मध्येच हात थांबायचा आणि ती बहिणीला म्हणायची,

"सांगितलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं गं?"