नव्याला टिकली नव्हती

मी कीबोर्ड बोलतोय. एकसष्ट पट्ट्यांचा, त्यातली एक मुकी. अंगावर लई इंग्रजी लिहिलंय. मला त्यातलं अक्षर वाचता येत नाय आणि माझा मालक मोतीराम, त्यालाही नाय. म्हणून आमचं जमलं.

अकरा वर्षं मी छावणी भागात त्याच्या घरी आहे. तो डाव्या हातानं तीन पट्ट्या दाबतो, ढोल-बाजा सगळा मी वाजवतो, आणि शाबासकी तो घेतो! बटणं ओळखायला त्यानं बायकोच्या टिकल्या चिकटवल्यात. हिरवी दाबली की ताल सुरू. लाल दाबून ठेवली की डावा हात उचलताच मी गप्प. ही लाल फार मोलाची. कारण त्याची बायको कडूबाई भीमगीत गाता गाता मध्येच थांबते आणि समोरच्यांना समजावते, "ऐकलं का बायांनो, या ओळीत काय सांगितलंय?" तिचं सांगून झालं, मोतीरामनं हात टेकला, की मी पुन्हा सुरू.

यंदा जयंतीच्या तोंडावर लेक मेघा फोनवर म्हणाली, "पप्पा, नव्यात खरी ढोलकी असते. जुना देऊन टाका, नवा घ्या."

झालं! दोघांनी मला चादरीत गुंडाळून गुलमंडीच्या बाजारात, वाद्यांच्या दुकानात नेलं. भीती होतीच, पण उत्सुकता जास्त. आपल्या जागी येणारा दिसतो तरी कसा?

नवरदेव दिसत होता! शहात्तर पट्ट्या, चकचकीत पडदा. ढोलकी तर अशी की मीसुद्धा ऐकत राहिलो. कडूबाई गायला लागली, सवयीनं थांबली, मोतीरामनं हात उचलला. नवा थांबेचना! समजावणं राहिलं बाजूला, बाई तालामागं धावत सुटली.

"हा ऐकतच नाय की!" मोतीराम हिरमुसला. "राहू द्या. जुनाच बरा."

"काका, सगळं असतं यात. बटण शोधतो," म्हणत दुकानदार शंतनू माहितीचं पुस्तक चाळायला लागला.

जातभाईचं बटण मला न वाचताही कळत होतं. सांगायला तोंड नाय, आणि असतं तरी मिटून बसलो असतो. सापडलं की मी गेलो!

तेवढ्यात कडूबाईनं माझी लाल टिकली नखानं उचलली. खालच्या अक्षरांवर बोट फिरवलं, तशीच अक्षरं नव्यावर हुडकली आणि टिकली तिथं चिकटवली.

"हं, दाबा. आता उचला हात."

नवा गप्प!

"तुला कसं गं कळलं?"

"रोज पुसतं कोण?"

सौदा ठरला. शंतनूनं मला उचलायला हात घातला. संपलं म्हटलं आपलं.

"ठेव रे बाबा खाली," कडूबाई म्हणाली. "तो माझाय."

मोतीराम हसला. "तुला वाजवता येतं व्हय?"

"तुमी रोज दुपारी टपरीवर गप्पा हाणायला जाता, तवा मी काय भिंती बघते?"

तीन वर्षांचं आमचं गुपित फुटलं! मोतीराम तिच्या बोटांकडं बघायला लागला.

"मग गाणार कोण?"

"तुमी!"

जयंतीला नवा गेला, कडूबाई गायली, पोटभर थांबून बोलली. घरी मात्र रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसते आणि मोतीराम गातो. सूर सिल्लोडकडं, ताल बिडकीनकडं!

कधी आलात तर एवढं करा, माझा आवाज जरा वाढवा. कडूबाई काय वाढवू देत नाय. तिला त्याचं गाणं ऐकायचं असतं.