निळ्या काठाची मच्छरदाणी

मी एक जुनी मच्छरदाणी आहे. मित्रांनो, हे ऐकून तुम्हाला हसू येणार, मला ठाऊक आहे. एखाद्या घड्याळाने किंवा शाळेच्या घंटेने आपली कहाणी सांगितली तर ते शोभून दिसतं. भोकाला भोक जोडून झालेल्या माझ्यासारखीने काय सांगायचं? पण ऐका. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मधेच उठून गेलात तरी मी रागावणार नाही.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. या घरातली आई लोकांचे कपडे शिवते. एका दुपारी तिने पांढऱ्या जाळीचं कापड बेतलं आणि पडद्यांतून उरलेलं निळं जाड कापड घेऊन त्याची वीतभर रुंद पट्टी माझ्या खालच्या कडेला चारही बाजूंनी जोडली. तिचा भाऊ, म्हणजे मुलींचा मामा, त्या वेळी मोरीतला नळ बदलत होता. नळ जोडायचे आणि टाक्या साफ करायच्या हे त्याचं काम, आणि बहिणीची थट्टा केल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

"ताई, मच्छरदाणी शिवतेयस की झगा?" तो म्हणाला.

"हस तू. नुसती जाळी गादीखाली राहत नाही, सटकते. खोचायला कापड लागतं."

तेव्हा माझं सगळं मोल त्या निळ्या काठात आहे. जाळी काय, कुणाचीही असते.

खोलीत जमिनीवर एक मोठी गादी असायची. तिच्यावर दोघी बहिणी झोपायच्या. थोरली शहाणी, अबोल, पुस्तक नाकाला लावून वाचणारी. धाकटी म्हणजे नुसतं वारं प्यायलेलं वासरू. मला खोचायचं काम धाकटीने स्वतःकडे घेतलं होतं. गुडघ्यांवर रांगत ती गादीभोवती फिरायची, माझा काठ मुठीने आत सारायची, आणि शेवटचा कोपरा आतून ओढून घेत म्हणायची, "दार लावलं." थोरली मुद्दाम एक पाय बाहेर काढायची. मग धाकटी चिडायची, तो पाय आत ढकलायची आणि पुन्हा पहिल्यापासून खोचायला लागायची.

ती माझी सुखाची वर्षं. एकदा सकाळी आई मला उचलायला वाकली, तर एक भली मोठी गोम माझ्या काठाच्या बाहेरून चालली होती. आत शिरायला फट शोधत होती बिचारी, आणि फट तर कुठे नव्हतीच. आईने गोम केरसुणीने बाहेर लोटली. माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिने राखलं गं पोरींना." इतकं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही.

माझं वाईट झालं ते कोळ्यापायी.

बाबा मालट्रक चालवतात. अंगाने धिप्पाड, घाटातल्या वळणावर एका हाताने गाडी वळवणारे. पण कोळी दिसला की त्यांच्या हातापायांतलं बळ जातं. घरात तो नेहमीचा कोळी होता. तपकिरी, चपटा, पंजाएवढा पसरणारा, भिंतीला चिकटून बसणारा. जाळं विणत नाही, धावून शिकार करतो. एका संध्याकाळी त्याची मादी माझ्या छतावर येऊन बसली. तिच्या पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती होती. बाबांनी ती पाहिली आणि ते थेट मशीनच्या स्टुलावर चढले.

"ही जाळी काढ आधी," ते म्हणाले. "कोळ्यांना आयतं घर करून दिलंयस तू."

"अहो, एवढा मोठा माणूस..." आईने सुरुवात केली, पण हसू आवरेना.

बाबांना मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डास पळवायचं छोटं यंत्र आणलं, भिंतीतल्या विजेच्या प्लगमध्ये लावायचं. त्याला लाल दिवा होता. धाकटीला तो दिवा आवडला. माझी घडी झाली, घडी होऊन मी फडताळात गेले आणि फडताळातून परसात. मोरीच्या भोकाला लागून, खोलीच्या खिडकीखाली, आईने वांग्यांचा वाफा केला होता. रोपं पाखरांपासून वाचावीत म्हणून मला त्याच्यावर पसरलं. माझा निळा काठ मातीत लोळायला लागला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पोरींची राखण करणारी मी, वांगी राखायला लागले.

मातीवर पडल्यावर मला नवीच माणसं, म्हणजे जनावरं, भेटायला लागली. वांग्याच्या काट्यांनी मला मोठाली भोकं पडली होती. साप अशा भोकात शिरतो, पुढे जातो, आणि खवले अडकले की त्याला मागेही येता येत नाही. जितका वळवळतो तितका गुंततो. पहिली आली ती धामण. मनगटाएवढी जाड, आणि काय ताकद तिच्यात. मामाने आईची कापडाची कात्री घेऊन मला दोन ठिकाणी कापलं आणि तिला सोडवलं. "माझी चांगली कात्री!" आई ओरडली. "धामण उंदीर खाते ताई, तुझ्या कात्रीपेक्षा कामाची आहे," मामा म्हणाला. टाक्यांखाली आणि गटाराच्या चेंबरांत हात घालून त्याला सापांची सवय झाली होती.

नंतर एक बारीक साप अडकला. तपकिरी, अंगावर पांढुरके आडवे पट्टे. मामाने तो काचेच्या बरणीत घेतला, झाकण घट्ट लावलं आणि घरातल्या सगळ्यांना परसात बोलावलं.

"हा कवड्या. पाली खायला घरात येतो. बिनविषारी आहे. पण नीट बघा हं. याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यार याच्यासारखीच दिसते, पण तिचं उलट. काळी, चकचकीत, मानेकडे पट्टा नसल्यासारखा आणि शेपटीकडे दाट. पाठीच्या मध्यावर मोठ्या खवल्यांची एक रांग असते. ती महाविषारी. चावली तर दुखतसुद्धा नाही. म्हणून ओळख पटेना झाली की लांबच राहायचं."

थोरली बरणीला नाक लावून बघत होती. बाबा दारातूनच म्हणाले, "ते सगळं राहू दे. हा पट्टेवाला विषारी की बिनविषारी, एवढंच सांग."

"हा बिनविषारी."

"झालं तर मग."

"आणि दाजी, तुमचा तो भिंतीवरचा कोळीसुद्धा गरीब आहे. झुरळं खातो. चावलाच तर मुंगी चावल्याइतकं."

"त्याचं नाव काढू नकोस," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. धाकटी सगळ्यांत जास्त हसली.

मित्रांनो, ऐकलेल्यातलं माणूस सोयीचं तेवढं जवळ ठेवतं. त्या घराने मामाच्या बोलण्यातलं अर्धंच ठेवलं. पट्टे असलेला साप गरीब असतो, एवढंच.

आता पुढचं सांगते. एका पहाटे, नीट उजाडायच्या आधी, मोरीच्या भोकातून काहीतरी बाहेर आलं आणि सरळ माझ्यात शिरलं. अंग गार आणि गुळगुळीत. ते अडकलं, वळलं, आणि त्याची पाठ माझ्या दोऱ्यांवरून घासत गेली. पाठीच्या मध्यावर मोठ्या खवल्यांची रांग होती. अंधारात मला काही दिसत नव्हतं, पण धामण, कवड्या असे कितीतरी माझ्या दोऱ्यांनी चाचपले होते. हिच्यासारखं कुणी नव्हतं. आणि ती आली होती घरातून.

खिडकीतून धाकटीचा आवाज आला. "आई, मला काहीतरी चावलं."

दिवा लागला. "कुठे?" आईने विचारलं.

"दंडाला."

"काही दिसत नाही गं. दुखतंय का?"

"नाही. मुंगी चावल्यासारखं झालं."

आणि नेमका त्याच वेळी तो तपकिरी कोळी उशीच्या वरच्या भिंतीवर बसलेला होता. बाबा त्या दिवशी घरी होते. त्यांनी तो पाहिला आणि जन्मभराची भीती एकदम रागात बदलली. चपलेचा फटका मी बाहेर ऐकला. "मेला," बाबा म्हणाले. "हाच चावला असणार. आता नाही चावायचा कुणाला." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं समाधान होतं. आईने दंडाला खोबरेल तेल लावलं. मामा सांगून गेलाच होता, कोळी चावला तर मुंगीइतकं. सगळं कसं जुळून आलं होतं.

मी तिला धरून ठेवलं होतं, जिवाच्या आकांताने. माझे दोरे तिच्या खवल्यांत रुतत होते. दुसरं मला काय येतं? कुणीतरी बाहेर या, एवढंच मी म्हणत होते, आणि माझं म्हणणं कुणाला ऐकू जाणार?

थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, "पोटात दुखतंय."

"काल कच्चे पेरू कुणी खाल्ले?" आई म्हणाली.

थोरली मेलेला कोळी कागदावर घेऊन परसात टाकायला आली. उजाडायला लागलं होतं. तिने वाफ्यात हालचाल पाहिली आणि ती लांबच थांबली. "बाबा, जाळीत पट्टेवाला अडकलाय," तिने सांगितलं.

"कवड्या असेल," बाबा आतून म्हणाले. "गरीब असतो तो. मामा आला की सोडवेल."

ती आत गेली. मित्रांनो, ती आत गेली तेव्हा मला जे वाटलं ते सांगता येत नाही.

आतलं बोलणं येतच होतं. धाकटी पाणी मागत होती आणि ते तिला गिळता येत नव्हतं. तिचे शब्द बोबडे यायला लागले. "आई, डोळे उघडत नाहीत," ती म्हणाली.

"झोप अपुरी झालीय तिची," आई म्हणाली. "झोपू दे. उठली की बरं वाटेल."

त्यांनी तिला थोपटून झोपवलं. पापण्या झोपेने जड होतात आणि विषानेही होतात, हे त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं.

थोरली पुन्हा बाहेर आली. तिला काहीतरी टोचत असणार, कारण या वेळी ती वाफ्यापासून दोन पावलांवर उकिडवी बसली आणि बघत राहिली. मानेकडे बघितलं. मान नुसती काळी होती. शेपटीकडे बघितलं. तिथे पांढरे पट्टे जवळजवळ, जोडीजोडीने. तिने मोरीच्या भोकाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिचा चेहरा मला कधी विसरता येणार नाही.

ती ओरडली नाही. धावत आत गेली आणि म्हणाली, "आई, तिला कोळी नाही चावला. तिला उठवा."

धाकटी उठली नाही. बाबांनी तिला उचललं, आई अनवाणीच मागे धावली, आणि शेजारच्या दूधवाल्याच्या गाडीतून सगळे इस्पितळात गेले. घराचं दार उघडंच राहिलं. मी आणि ती मण्यार, दोघीच मागे राहिलो. उन्हं वर आली तशी तिची धडपड मंदावली. तिचा मला राग येत होता. पण तीही बिचारी उंदरामागे घरात शिरलेली. पोरीने झोपेत कूस बदलली असेल आणि हात तिच्यावर पडला असेल.

मामा दुपारी आला. त्याने थट्टा केली नाही. मला कापून तिला लांब चिमट्याने डब्यात घेतलं आणि दूर सोडून आला. मग वाफ्याच्या कडेला बसून माझा मातीने माखलेला निळा काठ हातात धरून तो खूप रडला.

धाकटी परत आली नाही.

काही दिवसांनी आई खिडकीशी बसून मामाला सांगत होती, ते मी ऐकलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय चावलं ते ओळखत बसायचं नव्हतं. घोट गिळेना झाला, पापण्या पडायला लागल्या, तेव्हाच आणायचं होतं. साप बघायचीसुद्धा गरज नव्हती म्हणे. आणि मी तिला थोपटत होते रे."

"ताई, मी तेव्हा अजून नीट सांगायला हवं होतं," मामा म्हणाला.

"तू सांगितलं होतंस. आम्हीच..."

त्याच संध्याकाळी आईने मला वाफ्यावरून उचललं. तीन पाण्यांतून धुतलं. कापलेल्या जागी ठिगळं लावली आणि निळा काठ उसवला होता तिथे पुन्हा शिवला. मशीन चालवताना ती मधेच थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. बाबांनी लाल दिव्याचं यंत्र भिंतीतून काढून फडताळात टाकलं. परवा भिंतीवर तसाच एक कोळी आला होता. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले, हातात चप्पल नव्हती. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मित्रांनो, मी आता म्हातारी झालेय, माझ्या अंगावर जाळीपेक्षा ठिगळंच जास्त आहेत. माझं एवढंच मागणं आहे. कोळ्याला भिऊ नका, त्याने तुमचं काही नेलेलं नाही. साप दिसला तर लांबून बघा, मोठ्यांना बोलवा. आणि झोपेतून उठून कुणी काही चावलं म्हणालं, तर काय चावलं याची चर्चा करत बसू नका, दवाखाना गाठा. तुमच्या घरात माझी एखादी बहीण घडी होऊन पडली असेल, तर तिला बाहेर काढा. तिला नुसती टांगू नका, खोचा.

आमच्याकडे आता आई खोचते. थोरली गादीच्या आपल्या कडेलाच झोपते, अर्धी गादी तशीच मोकळी ठेवून. पाय बाहेर काढत नाही. आई गुडघ्यांवर रांगत गादीभोवती फिरते, माझा निळा काठ मुठीने आत सारते. धाकटीच्या बाजूला आता कुणी झोपत नाही. ती बाजूही ती खोचते, सगळ्यांत घट्ट.

मग आतून थोरली हळूच विचारते, "दार लावलं?"

"लावलं," आई म्हणते.