पिपेटच्या टोकाचा थेंब

वजनखोलीला खिडकी नाही. तिथला तराजू इतका नाजूक आहे की पंख्याच्या वाऱ्यानंही शेवटचा आकडा थरथरतो. म्हणून पंखा बंद करायचा, दार लावून घ्यायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. पाणीपुरवठा खात्याच्या या प्रयोगशाळेत बाबांनी एकतीस वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्या सोमवारी त्यांच्याच स्टुलावर बसून मी त्यांची चूक तोलत होते.

चूक एका थेंबाची होती.

पिपेट म्हणजे ठरावीक माप ओढून घ्यायची काचेची नळी. तिच्यातलं पाणी सोडलं की टोकाशी थोडंसं अडकून राहतं. ते बाहेर काढायचं नसतं, कारण बनवणाऱ्यानं ते मापात धरलेलंच नसतं. बाबा ही गोष्ट इतक्या वेळा सांगत की नवी माणसं पाठीमागे त्यांना थेंबसर म्हणत. 'तो थेंब नळीचा आहे, तुझा नाही,' असं म्हणून ते हातावर चापट मारायचे. माझ्या वाट्याला ती दहाव्या वर्षीच आली होती.

त्यांचं कपाट आवरताना नऊ वर्षांपूर्वी आलेल्या पिपेटांचं खोकं हाती लागलं. तळाशी एक माहितीपत्रक होतं, घडीसुद्धा न मोडलेलं. नळीच्या वरच्या टोकाला दोन निळी वलयं असतील, तर राहिलेला थेंब रबरी फुगा दाबून बाहेर काढावा, तो मापात धरलेला आहे, असं त्यात चित्रासकट लिहिलं होतं. आमच्या सगळ्या पिपेटांना दोन वलयं होती. मी त्यांना नक्षी समजत आले होते. आणि पिपेट कसं वापरावं हे बाबांना कागदावरून वाचायची गरज कधी पडली नव्हती.

थेंब न काढता दहा मिलीलिटर पाणी तोललं. ९.६७ ग्रॅम. मग ९.६८. ९.६७. ९.६७. दहा वेळा तेच. इतके एकसारखे आकडे पाहून कुणाचाही विश्वास बसावा. आमचाही नऊ वर्षं बसला होता. मग थेंब काढून तोलायची वेळ आली आणि माझा अंगठा फुग्यावर दाबच देईना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे माणूस गेला तरी खोड माझ्या अंगठ्यात शिल्लक होती. शेवटी डोळे मिटून दाबलं. ९.९७ ग्रॅम. त्या तापमानाला दहा मिलीलिटर पाणी तेवढंच भरतं. म्हणजे नऊ वर्षं आम्ही दर वेळी तीन टक्के पाणी कमी घेत होतो, आणि पाण्यातला क्लोराइड हा क्षारही तीन टक्के कमी नोंदवत होतो.

बहुतेक विहिरींना त्यानं काही फरक पडत नव्हता. मर्यादा लिटरमागे अडीचशे मिलिग्रॅमची, त्यांचे आकडे साठ, ऐंशी. पण कातडी कमावायच्या जुन्या कारखान्यामागच्या विहिरीचं तसं नव्हतं. चारशे घरं तिचं पाणी पितात. बाबांच्या हातच्या शेवटच्या नोंदी २४१, २४३, २४४. माझी या महिन्याची २४४. खरा आकडा २५२ च्या आसपास येत होता. तो लिहिला की विहीर बंद, आणि पुढचा प्रश्न ठरलेला : हे कधीपासून? त्याचं उत्तर बाबांच्या अक्षरात होतं. येत्या शुक्रवारी प्रयोगशाळेत त्यांचा फोटो लागणार होता. खालची पट्टी तयार होऊन आली होती : अचूकतेचा वस्तुपाठ.

प्रयोगशाळेचे आताचे साहेब बाबांकडेच शिकलेले. लहानपणी मी त्यांना दादा म्हणायचे. मी पुढे ठेवलेलं माहितीपत्रक त्यांनी दोनदा वाचलं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं काहीतरी पुटपुटले. खोटं लिही असं मी कधीच सांगणार नाही, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. मग पेन उचललं.

"आपली मापं धड नव्हती हे तूच दाखवलंस ना? मग त्या आकड्यातला तिसरा अंक तुला ठाऊक आहे असं कसं म्हणतेस? दोनच सार्थ अंक धर." त्यांनी कागदावर लिहिलं : २.५ × १०². "म्हणजे अडीचशेच. मर्यादा ओलांडत नाही. आणि नियम सरांचाच आहे. माहीत नसलेला अंक लिहायचा नाही."

नियम त्यांचाच होता. शाळेत असताना मी एका भागाकाराचं उत्तर ३.३३३३३३ असं लिहून मोठ्या रुबाबात दाखवलं होतं. बाबांनी शेवटच्या चार तिनांना गोल केला आणि विचारलं, हे कुठून आणलेस, मोजलेस का? आता तोच नियम कुणीतरी माझ्यापुढे धरला होता आणि त्यात मला चूक काढता येत नव्हती. मी एक दिवस मागून घेतला.

घरी आई धुतलेले कपडे घडी करत होती. तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली.

"जन्मभर मला ऐकवलं, तू सगळं अंदाजानं करतेस. अंदाजानं करून माझं मीठ कधी चुकलं नाही."

मी हसले नाही, तेव्हा तिचे हात थांबले. विहीर बंद झाली तर ती माणसं पाणी कुठून आणतील, असं तिनं विचारलं. टँकर पाठवावे लागतील, मी म्हटलं, मोठी वाहिनी तिथून फार लांब नाही. बाबांचा एक सदरा अजून त्या ढिगात होता. तिनं तो दुसऱ्यांदा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

"मग लिही. पण ते जेवढे चुकले तेवढंच लिही. कणभर जास्त नको."

"आणि कमी?"

"कमी त्यांना चाललं असतं?"

सकाळी विहिरीचं ताजं पाणी आणलं. तिसरा अंक मला माहीत नव्हता. तो माहीत करून घ्यायचा एकच रस्ता होता. दर वेळी दहा मिलीलिटर घ्यायचं, थेंब काढायचा, आणि ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मापनळीतून, सिल्व्हर नायट्रेट सोडत पिवळ्याचं विटकरी होईपर्यंत थांबायचं. असं दहा वेळा केलं. २५२, २५१, २५२, २५३, २५२. पुढचेही तसेच, एकाच्या पलीकडे कुणी सरकला नाही. दुपारपर्यंत अंगठ्याला सवय झाली होती, याचंच वाईट वाटलं.

अहवालात २५२ लिहिलं, पुढे अधिक-उणे १. शेऱ्यात लिहिलं, की गेल्या नऊ वर्षांतले आकडे तीन टक्क्यांनी कमी नोंदवले गेले आहेत. कारण, पिपेटची चुकीची हाताळणी. हाताळणाऱ्यांत दोन नावं घातली, त्यांचं आणि माझं.

साहेबांनी कागदावर तळहात ठेवला, जणू तो उडून जाईल. सही केली. विहीर बंद करायचा फोन माझ्यासमोरच लावला. शुक्रवारच्या फोटोचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

"मागच्या वह्या तुलाच दुरुस्त कराव्या लागतील," ते म्हणाले. "सरांचं अक्षर मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही."

सत्तावीस वह्या होत्या. आमच्याकडे खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मग वर खरा आकडा, बाजूला आपली आद्याक्षरं आणि तारीख. पहिली वही उघडली. नऊ वर्षांपूर्वीचं त्यांचं अक्षर अजून कापरं झालेलं नव्हतं. पहिल्या ओळीत २३८ होतं. पट्टी धरून रेघ मारली आणि वर २४५ लिहिलं.

त्या पानावर अजून बावीस ओळी होत्या.