अकरा महिन्यांचं घर

सोमनाथ आला तो थेट खाटेपाशी गेला आणि चपलाही न काढता त्याने खाटेचं एक टोक उचललं. बाहेर टेम्पो घुरघुरत उभा होता. भागुबाईंनी हातातला अर्धा हार परातीत ठेवला, जमिनीवरून उठल्या आणि खाटेच्या दुसऱ्या टोकावर जाऊन बसल्या.

"आई, ऊठ. ड्रायव्हर थांबलाय."

"थांबू दे. इंजिन बंद करायला सांग त्याला, डिझेल तुझं जळतंय."

सोमनाथने टोक खाली ठेवलं. आई घर सोडून पंचवटीतल्या या एका खोलीत आली, त्याला तीन आठवडे झाले होते. रुसली असेल, चार दिवसांत येईल, असं म्हणता म्हणता गंगापूर रोडभर बोभाटा झाला होता. ज्याच्या फाटकावर संगमरवरी पाटीत 'भागुबाई सदन' कोरलंय, त्याचीच आई भाड्याने राहते! त्यात रविवारी त्याच्या मुलीला, दिशाला, बघायला पाहुणे येणार होते.

"पाहुण्यांनी विचारलं आजी कुठे, तर काय सांगू?"

"पंचवटीत हाय म्हणावं. पत्ता देते लिहून."

"चेष्टा नको, आई. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. आयुष्यभर भरलंस तरी यातली एक वीट तुझी होणार नाही. उद्या मालक म्हणाला उठा, तर कुठे जाशील? आपलं घर ते आपलं घर. तिथून कोणी काढू शकत नाही."

कोणी काढू शकत नाही! भागुबाईंना आधी हसू आलं आणि मग असा राग आला की परातीतली दोन फुलं उगीच हातात कुस्करली गेली.

घरच्या झेंडूच्या मळ्याचे प्लॉट पडले आणि बंगला उभा राहिला, तेव्हा खालची पूर्वेची खोली त्यांची होती. पुढे त्या खोलीत नातवाचा, ओमचा, कॉम्प्युटर आला. एका दुपारी त्या फुलबाजारातून परतल्या तर खाट जिन्याखाली. कोणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. सुनेने, शुभांगीने, तर नवी चादरसुद्धा घातली होती. सहा वर्षं त्या जिन्याखाली झोपल्या.

"हितनं मला काढायचं तर मालकाला, धोंडीरामला, मला महिनाभर आधी कळवावं लागतं," त्या म्हणाल्या. "आणि तेबी लिहून. तुम्ही खाट हलवली तवा मी बाजारात होते."

"जागा कमी पडत होती गं."

"पडत आसंल. हितं नळ गळला तर मालक दुरुस्त करतो. तिकडं गळला की म्हातारीनंच सोडला म्हणायचे."

त्यांनी खाटेखालची पेटी ओढली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. अकरा महिन्यांचा करार होता. शेवटी दोन सह्या होत्या. त्यातली एक मोठी, प्रत्येक अक्षर सुटं सुटं उभं असलेली.

"ही माझी सही."

सोमनाथला ती सही ओळखीची होती. ब्याण्णव साली साक्षरतेच्या वर्गात बसून आई नाव लिहायला शिकली होती. वडील गेल्यावर त्यानेच तिला कचेरीत नेऊन म्हटलं होतं, आई, इथे सही कर. कागद कशाचा आहे हे तिने विचारलं नव्हतं. अंगठ्याऐवजी सही करायला मिळाली आणि ती ठसठशीत आली, एवढ्यावरच ती खूश होती. येताना तिने सगळ्यांना पेढे वाटले होते. कागद मळ्यावरच्या हक्कसोडीचा होता.

"दुसरी हाय ही," भागुबाई म्हणाल्या. "पहिली कुठं केली ते तुला ठावं हाय. ही मात्र धोंडीरामकडनं दोनदा वाचून घेतली, मग केली."

सोमनाथने कागद घडी घालून परत दिला. तेवढ्यात उघड्याच दाराची कडी वाजली. एस.टी.तून निवृत्त झालेले धोंडीराम हातात पाना घेऊन बाहेर उभे होते.

"भागुबाई, येऊ का? नळाचा वायसर आणलाय."

"या की."

सोमनाथ त्यांच्याकडे वळला. "काका, तुम्ही खोली मोकळी करून मागा. अकरा महिन्यांचं भाडं मी आत्ता देतो."

धोंडीरामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते भागुबाईंकडे पाहत म्हणाले, "माझा करार यांच्याशी हाय. काय म्हणता, भागुबाई?"

"नाय म्हणते."

धोंडीराम मोरीकडे गेले. भागुबाईंचा आवाज जरा मऊ झाला.

"थांब, च्या करते. आलास तसा बिनच्याचा जाऊ नको."

असं म्हणून त्या खाटेवरून उठल्या. उठताना त्यांनी मान आत ओढली, डावा हात डोक्यावर आडवा धरला आणि तशाच वाकून दोन पावलं पुढे आल्या. मग कुठे सरळ झाल्या. वर पत्रे चांगले सात-आठ हात उंच होते.

"कंबर धरली का?" सोमनाथने विचारलं.

"नाय. सवय हाय," त्या म्हणाल्या आणि स्टोव्हला पंप मारू लागल्या.

सोमनाथने वर पत्र्यांकडे पाहिलं, मग खाटेकडे. चहा होईपर्यंत तो उभाच होता. कप हातात आल्यावर त्याने तो खाली ठेवला, दाराबाहेर जाऊन चपला काढल्या, परत आला आणि जमिनीवर बसून चहा प्यायला. रविवारचा विषय त्याने काढला नाही. जाताना त्याने नुसतं "येतो" म्हटलं.

"सामान?" बाहेर ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. चल रिकामाच."

टेम्पो वळून गेला. भागुबाईंनी कप विसळला, खाट भिंतीला सरकवली आणि तिच्यावर बसल्या. मग उठल्या. हात आपोआप डोक्याकडे निघाला होता, तो त्यांनी खाली ओढला. पुन्हा बसल्या आणि पुन्हा उठल्या, या वेळी सावकाश, मान ताठ ठेवून. मग आणखी एकदा.

मोरीत धोंडीराम पाठमोरे बसून वायसर बसवत होते. त्यांचं काम लवकर उरकलं, तरी ते काही वेळ वळले नाहीत.