डाव्या हाताची लिपी

"ही भिंत म्हणजे एका महान संस्कृतीचा आत्मा आहे!" असं म्हणून उद्यान बांधणाऱ्या कंपनीच्या तेजस साहेबांनी त्या आत्म्यावर कोपर टेकलं. आत्मा अजून ओला होता.

कोपराचा खळगा भिंतीत राहिला आणि भिंत साहेबांच्या बाहीवर आली. नागोरावांनी खांद्यावरचं फडकं साहेबांना दिलं आणि थापीने खळगा बुजवला. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच शांतपणे केली. तीस वर्षं पुण्यात गणपतीचे देखावे उभारलेल्या माणसाला ओल्या भिंतीला टेकणारे पाहुणे नवीन नसतात.

कोथरूड डेपोवरून सुटणारी बस जिथे शेवटी वळते, त्याच्याही पुढे डोंगराच्या पायथ्याशी हे उद्यान उभं राहत होतं. 'मेरुगड' या सिनेमाचे तीन भाग येऊन गेले होते, तिन्ही तुफान चालले होते, आणि आता तिकीट काढून त्या सिनेमात हिंडायची सोय होणार होती. राजवाडा होता, बाजारपेठ होती, तुरुंग होता. तुरुंगात उपाहारगृह होतं. आठवडाभर हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत कोंडलेली मुलं शनिवारी हौसेने इथे येऊन कोंडून घेतील, असा कंपनीचा अंदाज होता. अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही.

सगळं सिनेमात दिसलं तसंच हवं, म्हणून कंपनीने तीनशे चाळीस पानांची नियमावली केली होती. पान एकशे बारावर ही भिंत होती. सिंहासनामागची. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एकात एक गुंतलेले अर्धगोल वळसे. नियमावलीत त्यांना 'राजवंशाची लिपी' म्हटलं होतं. सिनेमाच्या भक्तांनी या लिपीवर निबंध लिहिले होते. बंगळुरूच्या एका इंजिनिअरने ती दंडावर गोंदवून घेतली होती.

"काका, लिपी उलटी आलीय," शेफाली म्हणाली. ही साइटवरची इंजिनिअर. "फोटो बघा ना. कर्व्ह डावीकडून ओपन होतात. तुमचे उजवीकडून झालेत."

"अहो, मिरर इमेज आहे ही!" साहेब बाही पुसत म्हणाले. "फॅन्स आपल्याला जिवंत सोडणार नाहीत. असं करू, एका कर्व्हचा रबरी साचा करून घेऊ. कॉम्प्युटरवर डिझाइन होईल. तोच सगळीकडे दाबायचा. सोमवारी विषय संपला."

"एकच वळसा? सगळ्या भिंतीवर?" नागोरावांनी विचारलं.

"परफेक्ट येईल."

"म्हणून तर नको, साहेब. हात एकसारखा चालत नसतो. वर दमतो, खाली वाकला की जड पडतो. आन् ती लिपी नाही. ते सारवण आहे. माझ्या मंडळींचं."

साहेबांनी शेफालीकडे पाहिलं. शेफालीने नियमावलीकडे पाहिलं.

गोष्ट खरी होती. पहिल्या भागाचं चित्रीकरण स्वारगेटजवळच्या एका बंद गोदामात झालं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. दिवाळीला कामगार गावी गेलेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजाला सिंहासनावर बसायचं होतं. तिथे सेट उभारणाऱ्या नवऱ्याचा, नागोरावांचा, डबा घेऊन आलेल्या द्वारकाबाईंनी पदर खोचला, माती-चुन्याचा काला केला आणि हिंगोलीकडच्या घराची भिंत सारवावी तशी राजवंशाची भिंत सारवून काढली. डाव्या हाताने. त्या जन्माच्या डावखुऱ्या. डाव्या हाताने सारवलेल्या घरात लक्ष्मी येत नाही म्हणून सासूने त्यांना अख्खं अंगण पुन्हा उजव्याने सारवायला लावलं होतं, एकदा नव्हे, चांगलं वर्षभर. गोदामात सासू नव्हती. तिथे त्यांचा हात हवा तसा फिरला.

"काका, गोड आहे स्टोरी," तेजस साहेब म्हणाले. "पण बाहेर बोलू नका हं. करारात कलम आहे तसं."

"नाही बोलत. मला चार दिवस द्या. नाही जमलं तर बसवा तुमचा साचा."

कर्वेनगरच्या दोन खोल्यांत द्वारकाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असत. मागच्या वर्षी झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय महिन्या-दोन महिन्यांत काठीच्या आधाराने परतला. हात परतला नाही. तो हात त्या पदराखाली ठेवत. डॉक्टरांनी चोळायला सांगितलेलं तेलही त्यांनी देवाच्या दिव्यात घालून संपवलं होतं.

नागोरावांनी प्लायवूडच्या फळीवर काला थापला आणि डावा हात फिरवला. डावा हात उभ्या आयुष्यात बादलीपलीकडे काही शिकलेला नव्हता. फळीवर म्हैस घसरल्यासारखं दिसू लागलं.

"द्वारके, कसं फिरवायची तू?"

"त्या हाताचं नाव काढू नका."

"साचा बसवणार आहेत रबराचा."

"बसवू द्या. रबराला झटका येत नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी फळी पुसली, थापली, पुसली. तिसऱ्या दिवशी दुपारी मागून आवाज आला.

"मनगट मोडू नका. मेथीची जुडी निवडताय का? खांद्यातून येऊ द्या."

नागोरावांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आवाज बंद झाला असता, एवढं संसाराने शिकवलं होतं.

"करंगळी उचला. तिचं काही काम नसतं तिथं. हां. आता श्वास सोडत खाली या. श्वास धरला की बोटं धरतात." मग बऱ्याच वेळाने, "लई वाईट नाही."

सोमवारी साहेब साच्याचा नमुना घेऊन आले. भिंत झाली होती. वर वळसे मोठे, खाली आखूड आणि जड, मध्ये एके ठिकाणी हात दमून थांबलेला. शेफालीने फोटो धरून पाहिला आणि नुसती मान डोलावली. साहेबांनी साचा गाडीतच ठेवला. "तरी बघा, साच्याने अर्ध्या दिवसात झालं असतं," एवढं मात्र ते म्हणाले. हरलेल्या माणसाला शेवटचं वाक्य द्यावं लागतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना उद्यान दाखवायचं ठरलं. द्वारकाबाई "मला काय बघायचंय" असं दोन दिवस म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच इरकली नेसून तयार झाल्या.

सिंहासनाच्या दालनात गर्दी होती. राजाच्या शिपायाच्या वेषातला एक मुलगा पाठ केलेलं बोलत होता, "ही लिपी आजवर कोणालाही वाचता आलेली नाही. असं म्हणतात, की पहिल्या राणीने ती युद्धाच्या आदल्या रात्री..." लोकांनी मोबाइल वर धरले होते.

द्वारकाबाई काठी टेकत गर्दीतून पुढे गेल्या. काठी त्यांनी सिंहासनाला टेकवली. मग उजव्या हाताने पदराखालून डावा हात बाहेर काढला. एखादं झोपलेलं मूल उचलावं तसा तो उचलला आणि भिंतीवर ठेवला. बोटं मिटलेलीच राहिली. नागोराव मागून आले. त्यांनी एकेक बोट उघडून वळशावर बसवलं. अंगठ्यासकट चार बोटं बसली. करंगळीला त्यांनी हात लावला नाही.

शिपाई बोलायचा थांबला. भिंतीला हात लावू नये असं नियमावलीत होतं. दाराशी उभी असलेली शेफाली त्या वेळी छताकडे बघत होती.

द्वारकाबाई आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. वर्षभरानंतर पहिल्यांदाच. उजव्या हाताने तो त्यांनी मनगटाशी घट्ट धरून ठेवला होता. सोडला असता तर खाली आला असता. नागोरावांना काहीतरी बोलावंसं वाटत होतं. घसा खाकरून त्यांनी सुरुवातही केली.

"द्वारके..."

"अहो, बोलणं राहू द्या," त्या मान न वळवता हळूच म्हणाल्या. "माझे दोन्ही हात अडकलेत. पाठीला खाज सुटलीय, तेवढी जरा खाजवा."