वीस वर्षांचं दुखणं

आमच्या ह्यांची एकच खोड वाईट, बढाई. कपाटाला आठ दिवस लागले तर सांगणार चारच. ताप शंभर असला तर सांगणार एकशेचार. सुतारकामात नाव ठेवायला जागा नाही, पण त्या तोंडाला कुठला रंधा मारायचा?

मंगळवारी दुकानातच छातीत कळ आली. दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, कधीपासून दुखतंय?" मी 'सकाळपासून' म्हणेपर्यंत हे बोलून मोकळे, "अहो, वीस वर्षं झाली! आम्ही दुखणं अंगावर काढणारी माणसं." तिने बिचारीने तसंच लिहून घेतलं.

शिरा तुंबल्या होत्या. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. मी निर्धास्त होते, कारण सहा वर्षांत विम्याचा एक हप्ता चुकवला नव्हता. विमा माझ्या मावसभावानेच उतरवलेला. "ताई, आता डोळे मिटून झोप," म्हणाला होता मेला.

गुरुवारी सकाळी कंपनीने कळवलं, दावा नामंजूर. आजार विम्याच्या आधीपासूनचा आणि तुम्ही तो लपवलात. पुरावा काय, तर ह्यांची वीस वर्षं!

तशीच तणतणत कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेमागचा साहेब साखरेसारखा गोड. म्हटलं, "अहो, ह्या माणसाने मांजर पाहिलं तरी घरी येऊन वाघ सांगतो. त्याचं काय धरून बसता?"

"मॅडम, कागदावर आहे ते आहे."

"मग सहा वर्षांपूर्वी तुमच्याच डॉक्टरने तपासून छाती ठणठणीत असं लिहिलं, तो कागद नव्हे?"

त्याने तोही कागद अगदी मन लावून वाचला. म्हणाला, "तेव्हा पेशंटने सांगितलं नसेल."

घ्या! आमच्या ह्यांची थाप खरी आणि कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरची तपासणी खोटी. हप्ते घेताना बरी नाही कुणाला शंका आली! गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. कंपनीचं आपलं हप्ता मिळो, पेशंट मरो. मावसभावाला सात वेळा फोन केला, उचलला नाही.

संध्याकाळी ह्यांचं रंधा मशीन विकलं. त्याच मशीनवर आमचं घर चाललं होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी फोनवर कंपनीचा मेसेज आला, 'अभिनंदन! यंदा आपल्याला एकही दावा द्यावा लागला नाही, म्हणून खास बोनस.' जळ्ळा मेला तो बोनस! मी तो मेसेज ह्यांना दाखवला. दाखवायला नको होता.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. ह्यांचा हात छातीवर, कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक.

"काका, दुखतंय का? कधीपासून?"

जन्मभर न थांबलेलं ते तोंड गप्प झालं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. हे घाबरून माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अगं, काय सांगू?"