श्रीकृष्णरावांचं भरलेलं ताट

श्रीकृष्णराव करंदीकरांचं जठर कापायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त फायदा नलिनीचाच होणार होता. एकशे बेचाळीस किलोंच्या नवऱ्याच्या पायांत मोजे चढवणं सुटणार होतं, त्याच्या पाठीशी तीन उशा रचणं सुटणार होतं, पाणीगेटच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या बारीकसारीक कामांसाठी चार-चारदा उतरणंही. मुख्य म्हणजे नवरा राहणार होता. त्याचं हृदय पस्तीस टक्क्यांवर ढकलगाडीसारखं चाललं होतं. वजन उतरलं की त्याच्यावरचा भार उतरेल, पंप सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

ऑपरेशन झकास झालं. जठर केळ्याएवढं उरलं. दोनेक महिने पातळ आणि कालवलेलं खाण्यात गेले, मग रीतसर जेवायला बसायचा दिवस उजाडला. दवाखान्यातल्या आहारवाल्या मुलीने बाळाची असते तेवढी ताटली घ्यायला बजावलं होतं. नलिनीने ती पुढे ठेवली. श्रीकृष्णरावांनी ती बोटाने बाजूला सारली.

"हे आजाऱ्याचं पान झालं. मी बरा झालोय ना? मग माणसासारखं वाढ."

माणसासारखं म्हणजे डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे दोन भाज्या, मधे भाताची मूद, तिच्यावर वरण-तूप, चार पोळ्या, आणि तोंडी लावायला लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेला चेवडा. चार घासांत त्यांचं पोट भरलं. ताट नलिनीकडे सरकलं.

करंदीकरांकडे अन्न टाकत नसत, आणि नवऱ्याचं पान बायकोनेच संपवायचं ही सासूबाईंपासूनची रीत. तीस वर्षं ती नलिनीला फुकटात पडली होती, कारण श्रीकृष्णरावांनी पानात कधी कढीपत्त्याखेरीज काही ठेवलंच नव्हतं. आता ताट एकशे बेचाळीस किलोंच्या माणसाचं वाढलं जाई, आणि खाई चौसष्ट किलोंची बाई. ती आपल्यासाठी वेगळं वाढून घेईनाशी झाली. तरी पुरून उरे. सकाळचं तिने संपवावं तोवर संध्याकाळचं समोर येई.

तीन वर्षांत श्रीकृष्णराव एक्क्याण्णववर आले. हृदय पंचावन्न टक्के. रोज कमाटीबागेला दोन फेऱ्या मारायचे आणि भेटेल त्याला रिपोर्ट सांगायचे. नलिनी त्र्याण्णववर गेली होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबे, तेव्हा ते वरून कठड्याला टेकून गंमत बघत. "अगं, एवढ्यात बस डभोईला पोचली असती."

दवाखान्याने बऱ्या झालेल्या रुग्णांचा मेळावा भरवला, तिथे माइक त्यांच्याच हाती दिला. त्यांनी मनोनिग्रहावर वीस मिनिटं घेतली. शेवटी पहिल्या रांगेकडे बोट करून म्हणाले, "आणि निग्रह नसला की काय होतं, तेही मी सोबत आणलंय." सभागृह खळखळून हसलं. नलिनीही हसली, आणि हसता हसता तिचा श्वास लागला तो बसेना.

श्रीकृष्णरावांचं हृदय ज्यावर तपासत, त्याच यंत्राखाली डॉक्टरांनी तिला निजवलं. हृदयाची भिंत जाड झालेली, ताठरलेली. फुफ्फुसांत पाणी धरू लागलेलं. काय काय खाता, त्यांनी विचारलं. नलिनी संकोचली. "मी माझं असं काही घेत नाही. ह्यांचं उरलेलं खाते."

डॉक्टर श्रीकृष्णरावांकडे वळले. "काका, आजपासून तुमची थाळी छोटी करा. बस, एटलुंच, एवढंच. नाहीतर नलिनीबेनचं हार्ट वरसभर पण खेंचणार नाही."

श्रीकृष्णरावांनी मान डोलावली. घरी आल्यावर नलिनीने फडताळातून ती जुनी ताटली काढली, धुतली, पुसली. तीत एक पोळी, चमचाभर भाजी वाढली. तिने एवढं धाडस आजवर केलं नव्हतं.

श्रीकृष्णरावांनी ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आजारी तू आहेस," ते शांतपणे म्हणाले. "मी का आजाऱ्याचं खाऊ?"

ते उठायला लागले. नवरा उपाशी उठतोय हे नलिनीला बघवलं नाही. तिने मोठं ताट घेतलं. चटणी, कोशिंबीर, मूद, चार पोळ्या. त्यांनी चार घास खाल्ले, तृप्त होऊन हात धुतले आणि फिरायला गेले.

श्रीकृष्णरावांचे एक्कावन्न किलो उतरले, हृदयाला वीस टक्के वाढून मिळाले. त्यासाठी त्यांना भूक तेवढी सोडावी लागली, आणि तीही कापूनच दिलेली. बाकी सगळं नलिनीने भरलं, दोन्ही वेळा, पान स्वच्छ होईपर्यंत.